मदत हवी आहे: नसबंदीनंतर मांजरीचा एसएए ६४, साखर २१८

मनी तीन वर्षांची आहे. परवा सकाळी तिची नसबंदी झाली, काल दुपारी टाके दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी रक्तही घेतलं. एसएए (सीरम अमायलॉइड ए, शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ६४ आला, रिपोर्टवर मर्यादा ५ ची आहे. ग्लुकोज २१८. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढलेत, लिम्फोसाइट कमी झालेत. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेनंतर असं होतं, तीन दिवसांनी परत बघू. पण रात्रभर मला झोप नाही. आत इन्फेक्शन तर नसेल ना? तिला मधुमेह झालाय का? आणि माणसांत दाह कळायला सीआरपी बघतात, तो का नाही केला? मनी थोडं खाते, पण पलंगाखालून बाहेर येत नाही.

प्रतिसाद

सीआरपीचं आधी सांगते. कुत्र्यांत तो उपयोगी पडतो, मांजरांत फारसा हलतच नाही. म्हणून एसएए केला, ते बरोबरच आहे. यकृत हे प्रथिन बनवतं आणि त्यासाठी जंतूच लागतात असं नाही, नुसत्या चिरेनेही ते वाढतं. साधारण एक-दोन दिवसांत ते सर्वांत वर असतं, तुमचं रक्त नेमकं तेव्हाच घेतलंय. एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका, तो उतरतोय का ते बघायचं. चौथ्या-पाचव्या दिवशीही चढत असेल तर मात्र शोध घ्यावा लागेल.

साखरेचं म्हणाल तर घाबरलेल्या मांजरीची २०० च्या वर सहज जाते. शंका राहिलीच तर फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी करून घ्या, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवशीची भीती त्यात दिसत नाही. न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली हे कॉर्टिसॉलचं, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचं चित्र आहे. डॉक्टरांना एवढंच विचारा, 'बँड' म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल दिसले का? ते वाढले असतील तर इन्फेक्शनचा संशय बळावतो.

मला जास्त काळजी तिच्या लपण्याची वाटते. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे मिटल्यासारखे आहेत का, मिशा ताठ झाल्यात का? असेल तर तिला दुखतंय, वेदनाशामक डॉक्टरांना आजच विचारा. घरातलं पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरांना ते जीवघेणं असतं. खाणं पूर्ण थांबलं, उलट्या झाल्या किंवा जखमेतून पाणी आलं तर तीन दिवस थांबू नका.

मूळ प्रश्नकर्ती

बँड नव्हते. कान मात्र अगदी तुम्ही म्हणता तसेच होते. डॉक्टरांनी वेदनाशामक बदललं, संध्याकाळी ती स्वतःहून वाटीपाशी आली. आज दुसरा रिपोर्ट आला: एसएए १२, साखर ११०.