सल्ला हवा आहे: मनोऱ्यातल्या राजकन्येची उलटवलेली, काळोखी कथा

निशिगंध:
मनोऱ्यात कोंडलेल्या राजकन्येची, म्हणजे रॅपन्झेलची, कथा उलटवून सांगणारे, प्रौढांनाही पुरून उरेल असे एखादे पुनर्कथन मी शोधत आहे. या प्रकारची जी पुस्तके आजवर हाती आली, त्यांपैकी बहुतेकांत राजकन्येच्या हाती तलवार देऊन आणि राजपुत्राला वेंधळा दाखवून लेखक मोकळे झाले आहेत. कोंडणारी बाई मात्र निव्वळ दुष्टच राहते, आणि शेजारच्या वाफ्यातल्या पाल्यासाठी पोटची पोर देऊन टाकणाऱ्या आईबापांना कोणीच जाब विचारत नाही. मला हेच प्रश्न विचारणारी कथा हवी आहे. पुस्तक इंग्रजी असले तरी चालेल.

तिसरा प्रहर:
तुमच्या अटी पाहता डोना जो नापोली यांची 'झेल' (१९९६) ही कादंबरी प्रथम वाचावी. सोळाव्या शतकातल्या स्वित्झर्लंडमध्ये घडणाऱ्या या कथेत मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला तरुण यांची प्रकरणे तृतीयपुरुषी आहेत, पण आईची प्रकरणे तिच्याच तोंडून येतात. मूल व्हावे म्हणून तिने स्वतःचा आत्मा गहाण टाकलेला आहे, आणि ते मूल आपल्याला सोडून जाईल या धास्तीने ती त्याला कोंडते. तिची बाजू पटू लागते तसतसे वाचणे जड होत जाते, कारण मनोऱ्यातला एकांत त्या मुलीच्या मनाचे काय करतो, हे लेखिका कुठेही सौम्य करत नाही. पुस्तक कुमारांसाठी म्हणून छापलेले आहे, पण तेवढ्यावरून ते बाजूला ठेवू नये.

जुनी पोथी:
माझे मत थोडे वेगळे आहे. नव्या पुनर्कथनांकडे वळण्याआधी मूळ पाठ वाचावेत, कारण पुढे गाळले गेलेले बरेच काही त्यांतच आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत रॅपन्झेल कोंडणाऱ्या परीला भाबडेपणाने विचारते की, माझे कपडे मला एवढे घट्ट का होऊ लागले आहेत. आणि त्या एका प्रश्नावरून तिला दिवस गेल्याचे परीच्या ध्यानात येते. मुलांच्या पुस्तकात हे नको, अशी टीका झाल्यावर पुढच्या आवृत्त्यांत तिच्या तोंडी 'तुम्हाला वर ओढणे राजपुत्रापेक्षा जड जाते' असे वाक्य आले, आणि मुलगी भाबडीऐवजी नुसती बावळट ठरली. जॅक झाइप्स यांनी केलेले पहिल्या आवृत्तीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे.

त्याहून मागे गेलात, तर जांबात्तिस्ता बाझिले यांच्या १६३४ साली मरणोत्तर छापलेल्या नेपल्सच्या कथेतली मुलगी कोणाच्या सुटकेची वाट पाहत बसतच नाही. राक्षसिणीची मंतरलेली तीन फळे चोरून ती प्रियकरासह पळते आणि पाठलाग सुरू झाला की एकेक फळ मागे फेकते. पहिल्यातून कुत्रा निघतो, त्याला राक्षसीण भाकरी टाकून गप्प करते. दुसऱ्यातून सिंह निघतो, त्याला भिववण्यासाठी ती गाढवाचे कातडे पांघरते. आणि तिसऱ्यातून निघालेला लांडगा तिला गाढव समजून खाऊन टाकतो. हा विनोद क्रूर आहे, पण अलीकडच्या कितीतरी 'धीट' राजकन्यांपेक्षा ही मुलगी मला अधिक खरी वाटते.

निशिगंध:
दोघांचेही आभार. 'बिटर ग्रीन्स'चे नाव मी ऐकले आहे; ते या यादीत बसेल का?

तिसरा प्रहर:
अर्धेमुर्धे बसेल. केट फोर्सिथ यांच्या या कादंबरीत (२०१२) कोंडणारी व्हेनिसची गणिका आहे आणि ती तशी का झाली, याचा भाग उत्तम उतरला आहे. शिवाय फ्रेंचमध्ये ही कथा लिहिणाऱ्या, चौदाव्या लुईने मठात पाठवलेल्या शार्लोत-रोझ द ला फोर्स याही त्यात पात्र म्हणून येतात. मात्र पुस्तक जाडजूड आहे आणि त्यात प्रेमप्रकरणे भरपूर आहेत.

पाणकणीस:
रॅपन्झेलचाच आग्रह नसेल, तर निद्रिस्त राजकन्येच्या कथेवरची टी. किंगफिशर यांची 'थॉर्नहेज' (२०२३) ही लघुकादंबरी पाहावी. तिला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा २०२४चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आहे. काट्यांचे कुंपण राजकन्येला आत ठेवण्यासाठी आहे की जगाला तिच्यापासून वाचवण्यासाठी, या प्रश्नावर ती उभी आहे आणि निवेदनाचा रोख पहारा देणाऱ्या परीवर आहे. भाषा हळुवार असल्यामुळे 'झेल'इतकी ती अंगावर येत नाही. एका बैठकीत वाचून होते. पुस्तकाचा गोषवारा मात्र आधी वाचू नये, कारण त्यात बरेच काही उघड होते.