क्वेस्ट २: डावा कंट्रोलर पेअर होत नाही, उजवा हात हवेत थिजतो

खिडकीपाशी
अमेरिकेतून आणलेला क्वेस्ट २ हा व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट आहे. डावा कंट्रोलर आधी मधूनमधून तुटायचा, आता पेअरच होत नाही. मेनू आणि वाय ही बटणं दाबून धरली की दिवा लुकलुकतो, पण फोनवरचं ॲप शोधतच राहतं. उजवा जोडलेला आहे, तरी खेळताना दिसणारा हात एका जागी थिजतो किंवा भलतीकडे उडतो. सेल नवे आहेत, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेच. हेडसेट रीस्टार्ट करून झाला. फॅक्टरी रीसेट करावा का?

सव्यसाची
रीसेट नको. डाउनलोड केलेलं सगळं पुसलं जाईल आणि दुखणं तसंच राहील.

कंट्रोलर आणि हेडसेट यांच्यात दोन वाटा आहेत. बटणं, ट्रिगर आणि आतल्या मोशन सेन्सरची माहिती २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवरून जाते. हात नेमका कुठे आहे हे मात्र हेडसेटचे चार कॅमेरे कंट्रोलरच्या कड्यातले, डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड एलईडी बघून ठरवतात. त्यामुळे हात थिजला की लगेच मनगट फिरवून बघा. खेळातला पंजा जागच्या जागी वळत असेल आणि बटणं चालत असतील, तर रेडिओ ठीक आहे, गडबड प्रकाशाची आहे. बटणंही मेली असतील तर सेल किंवा रेडिओ.

डाव्याचा संशय सेलवर. घड्याळाचे सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात, वेष्टनावर आर६ लिहिलेलं असतं. मीटरवर ते १.५ व्होल्ट दाखवतात, पण कंपनाची मोटर फिरली की व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर तुटतो. एलआर६ लिहिलेले अल्कलाइन घ्या. मग असं करा:

१. सेल काढून मिनिटभर थांबा, नवा घाला.
२. हेडसेट चालू ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. फोनचं ब्लूटूथ चालू, फोन हेडसेटच्या शेजारी.
३. ॲपमध्ये डिव्हाइसेसमधून हेडसेट निवडा, कंट्रोलर्समध्ये जाऊन जुना डावा आधी अनपेअर करा. ही पायरी बरेच जण गाळतात.
४. नवा कंट्रोलर जोडा, डावा निवडा, मग मेनू आणि वाय एकत्र धरा. दिवा लुकलुकून स्थिर होईपर्यंत सोडू नका. उजव्यासाठी हीच कृती ओक्युलस बटण आणि बी धरून.

पेअर करताना यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा फोनचा हॉटस्पॉट जवळ नको, दोन्हींचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो.

निकेलवाला
अल्कलाइनच हवेत असं नाही. निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंगवाले सेल १.२ व्होल्टचे असले तरी भाराखाली दम टिकवतात. फक्त बॅटरीची टक्केवारी खरी मानू नका, भरलेला सेलही कमी दाखवतो आणि संपताना अचानक बसतो.

हात जोरात झटकल्यावरच कंट्रोलर तुटत असेल तर सेल स्प्रिंगपासून सुटतोय. सेल आणि झाकणाच्या मध्ये कागदाची छोटी घडी ठेवा. ॲल्युमिनियमची फॉइल अजिबात नको, शॉर्ट होईल.

खिडकीपाशी
अल्कलाइन घातले, अनपेअर केलं, डावा जोडला गेला. उजव्याचा पंजा थिजल्यावरही वळतो, बटणं चालतात. खोलीत कपाटाला मोठा आरसा आहे, पडद्यावर एलईडीची माळ. दुपारी त्रास वाढतो.

सव्यसाची
मग प्रकाशच. माळेतला प्रत्येक दिवा कॅमेऱ्याला कड्यातल्या एलईडीसारखा ठिपका दिसतो, आरशात तर खऱ्या कड्याचं प्रतिबिंबच दिसतं. दुपारच्या उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यात कड्याचे ठिपके बुडून जातात. माळ बंद करा, आरशावर चादर टाका, पडदा ओढा, पण अंधार करू नका. हेडसेटला स्वतःची जागा ओळखायला भिंती, फर्निचर दिसावं लागतं. आणि हेडसेटच्या भिंगांवर ऊन कधीही पडू देऊ नका, आतला स्क्रीन जळून कायमचे डाग पडतात.

सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सीही बघा. अपडेटनुसार तिची जागा बदलते, म्हणून नावाने शोधा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. पर्याय ६० वर अडकला असेल तर दिव्यांची लुकलुक कॅमेऱ्यांना त्रास देते. ५० करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

निकेलवाला
कॅमेऱ्यांच्या काचा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, तिथे बोटांचे ठसे फार बसतात.

इतकं करून उजवाच उडत राहिला तर अंधाऱ्या खोलीत दोन्ही चालू कंट्रोलर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा. बऱ्याच फोनमध्ये कड्यातले ठिपके फिकट जांभळे दिसतात. उजव्याच्या कड्याचा एखादा भाग डाव्याच्या तुलनेत काळा असेल तर एलईडी गेलेत, कंट्रोलर बदलावा लागेल. उजवा सुटा घेताना क्वेस्ट २ चाच आहे याची खात्री करा. पहिल्या क्वेस्टचा किंवा क्वेस्ट ३ चा त्याच्याशी जोडला जात नाही.