न्यू ग्लॅरसचा स्विस उत्सव: फोल्क्सफेस्टला जावं की विल्हेल्म टेलला?

निळीशाई:
शिकागोहून विचारतेय. जुलैअखेर आईबाबा येतायत, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहेत. विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसबद्दल बरंच ऐकलंय, स्विस लोकांनी वसवलेलं गाव, उन्हाळ्यात उत्सव असतात वगैरे. ऑगस्टच्या सुरुवातीला फोल्क्सफेस्ट आणि लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला स्विस दंतकथेतल्या विल्हेल्म टेल या नायकाचं नाटक, यातलं एकच जमेल. बाबांना फार गर्दी आणि चालणं झेपत नाही, आई गाणं शिकलेली आहे. आणि खरं सांगा, हे नुसतं टुरिस्टांसाठी मांडलेलं आहे की गावकऱ्यांचं स्वतःचं काही आहे त्यात? आम्ही शाकाहारी आहोत, तेही सांगा प्लीज.

मॅडिसनकर:
आई गाणाऱ्या असतील तर डोळे मिटून फोल्क्सफेस्ट. 1 ऑगस्ट हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिवस, तिथल्या प्रांतांच्या 1291 च्या करारापासून धरतात, त्याच्या आसपासच्या रविवारी हे असतं, म्हणजे गावाचं घरचं कार्य म्हणा ना. योडलिंग (आवाज झटकन खालून वर, वरून खाली नेत गायचं आल्प्समधलं गाणं) असतं, झेंडे उडवणारे असतात (चौकोनी झेंडा गरगर फिरवत वर फेकायचा आणि खाली येताना बरोबर दांडीला धरायचा, बघताना आपलाच श्वास अडकतो) आणि मुख्य म्हणजे आल्पहॉर्न. साडेतीन मीटरच्या आसपास लांब लाकडी कर्णा, टोक जमिनीवर टेकलेलं, त्याला ना भोकं ना बटणं, सगळे सूर फक्त ओठांच्या ताणावर काढायचे. त्यामुळे निसर्गतः जे स्वर निघतात तेवढेच वाजतात आणि त्यातला एक स्वर आपल्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मधे पडतो, पियानोवर तो सापडणारच नाही. पियानोची सवय असलेल्याला तो बेसूर वाटतो पण तुमच्या आई लगेच मान डोलावतील बघा, त्यांना आधी काही सांगू नका. वाजवणाऱ्यांच्या जवळ बसा, समोर नको, जरा बाजूला, म्हणजे फुंकर आत गेल्यावर सूर धरायला जो क्षणभर वेळ लागतो तोही ऐकू येतो.

तिसरी_घंटा:
मॅडिसनकरांचा आदर ठेवून सांगतो, एकच करायचं तर लेबर डेला जा. जर्मन नाटककार शिलरचं 1804 चं नाटक, आणि हे गाव ते 1938 पासून करतंय, पहिल्यांदा जर्मनमध्ये केलं, इंग्रजी प्रयोग नंतर सुरू झाले, तेव्हा वेळापत्रकात भाषा बघून तिकिटं काढा. उघड्यावर, झाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं, पडदा नाही काही नाही, खऱ्या गाई-शेळ्या चालत येतात, घोडेस्वार खऱ्या घोड्यावरून येतात. कथा बाबांना आधी सांगून ठेवा: जुलमी अधिकारी गेसलर खांबावर टोपी टांगतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला मुजरा करायचा असा हुकूम काढतो, टेल करत नाही, मग शिक्षा म्हणून पोराच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने पाडायला लावतात. तुमच्या टुरिस्टवाल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे, काम करणारे गावातले आणि आसपासचे लोक, मोठी माणसं आणि पोरं एकाच प्रयोगात. लहानपणी गर्दीत उभं राहिलेलं पोर मोठेपणी भूमिका करतं, हे मला फार मोलाचं वाटतं, आपल्याकडे दशावतारी घराण्यांत असतं तसंच. फक्त बराच वेळ बसावं लागतं, पाठीला आधार लागेल असं काहीतरी आणि टोप्या न्या.

ग्रीनकाउंटी:
दोघांचंही बरोबर आहे, पण वडिलांचं बघता मी फोल्क्सफेस्टच म्हणेन, मधेच उठून निघता येतं, नाटकातून तसं उठवत नाही. सकाळी लवकर पोचलात तर आधी स्विस हिस्टॉरिकल व्हिलेज म्युझियम बघा म्हणजे उत्सव कशासाठी ते कळेल. 1845 साली स्वित्झर्लंडमधल्या ग्लॅरस कॅन्टनमध्ये (म्हणजे प्रांतात) पिकं गेलेली, कापडाचा धंदा बसलेला, तेव्हा तिथल्या लोकांनीच दोन माणसं पुढे पाठवून इथे जमीन घेतली आणि मागून कुटुंबं निघाली. 193 जण निघाले, ऑगस्टमध्ये इथे पोचले 108. वाटेत काही दगावले, काही दुसरीकडेच राहिले. आधी गहू केला, तो टिकला नाही, मग गाई आणि चीज. आज इथे जे योडलिंग ऐकाल ते या घरांतून आलेलं आहे म्हणून मला ते दिखाऊ कधीच वाटलं नाही.

खाण्याचं: सॉसेजचा वास सगळीकडे असणार, आईंना त्रास होत असेल तर वाऱ्याची दिशा बघून बसा. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर, पण कधी कधी त्यात बेकन घालतात, विचारून घ्या. फॉन्ड्यूत व्हाइट वाइन असते आणि बहुतेक वेळा किर्श नावाची दारूही, आणि पारंपरिक स्विस चीजला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात, कडक पाळत असाल तर हे आधी माहीत हवं. डबा सोबत ठेवा सरळ. शिकागोहून अडीच-तीन तास धरा, शेवटचा टप्पा हायवे 69 चा, टेकड्या आणि कुरणं, तिथे घाई करू नका.

निळीशाई:
खूप खूप आभार सगळ्यांचे! फोल्क्सफेस्ट नक्की केलं, रविवारची सुट्टी आहेच. मध्यमाचं आईला सांगणार नाहीये. तिसरी_घंटा, नाटक पुढच्या वर्षी मी आणि नवरा दोघंच बघू. एक राहिलं, म्युझियममध्ये बाबांना पायऱ्या किती चढाव्या लागतील?

ग्रीनकाउंटी:
सगळं एका इमारतीत नाहीये, वेगवेगळ्या छोट्या घरांत मांडलंय, त्यामुळे जमेल तेवढंच बघून बाहेर बसता येतं. तरी जाण्याआधी एक फोन करा, ते नीट सांगतात.