पद्मिनीला मागे हिच (रॅक अडकवायची नळी) बसवून सायकली न्याव्यात का?

डोंगरवाटा (धागाकर्ता)

घरी १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतलेली, पासिंग चालू असलेली, रोज एका सेल्फमध्ये सुरू होणारी. आणि दोन एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकली आहेत. रविवारी पहाटे पुण्यातला चांदणी चौक ओलांडून पौडपर्यंत सायकल मारायची म्हणजे डंपरच्या चाकाला चाक लावून जायचं. म्हणून सायकली मोटारीतून पौडच्या पुढे न्यायच्या आणि तिथून मुळशी, ताम्हिणी करून परतायचं, असा बेत आहे.

डिकीच्या झाकणाला पट्ट्यांनी बांधायचा रॅक मला नको. सगळा भार झाकणाच्या कडांवर येतो, आणि पट्टीखाली वाळूचा कण गेला तरी रंग गेलाच. त्यापेक्षा खालून लोखंडी चौकट करून घ्यावी, मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ज्या कडीने, म्हणजे शॅकलने, गाडीला जोडतात तिच्याजवळ पत्रा जाड आहे तिथे नटबोल्टने धरावी, बंपरखालून चौकोनी नळी बाहेर काढावी आणि तिच्यात रॅक अडकवावा. वेल्डिंग कुठेही नाही.

जुनी गाडी वापरात असली तरच जगते, यावर मी ठाम आहे. कव्हर घालून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक सिलिंडर जाम होतात, टाकीत गंज धरतो, रबरं तडकतात. पद्मिनीतून दर आठवड्याला डोंगरात जायचं असेल तर तिला सायकली नेता आल्या पाहिजेत. तुमचं मत काय?

कार्बोरेटर

माझा विरोध आहे.

जीपच्या मागे ट्रॉलीची कडी लावतात ती चॅसीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दोन जाड कांबींना. पद्मिनीला वेगळी चॅसीच नाही. ही फियाट ११०० डिलाइट, आणि तिचं मूळ म्हणजे १९५३ची फियाट ११००-१०३. तेव्हापासून ही एकसंध पत्र्याची बांधणी आहे. इटलीत ज्यांनी ती आखली त्यांनी डिकीचा तळ सामान वाहायला केला, बंपरच्या मागे लोंबणारं वजन धरायला नाही. वर ती गाडी चाळीस वर्षं पावसाळे खात आलेली. मागच्या पॅनेलला तडा गेला तर नवा पत्रा कुठून आणणार? डेंटर ठोकून, पुटी भरून देईल. म्हणजे मूळ पद्मिनी तेवढी कमी झालीच.

डोंगरवाटा

हिशेब मांडून बघू. दोन सायकली २८ किलो, रॅक १५ किलो, एकूण ४३. मागच्या आसापासून या भाराचा मध्य साधारण १४० सेंमी मागे. व्हीलबेस, म्हणजे दोन आसांतलं अंतर, २३४ सेंमी. म्हणजे मागच्या आसावर ६९ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून २६ किलो उतरतात. मागच्या सीटवर एक माणूस जादा बसल्याएवढंच. लग्नाच्या सीझनमध्ये याच गाडीत सहा जण आणि डिकीत ट्रंक घेऊन आम्ही साताऱ्याला जायचो.

कार्बोरेटर

मागच्या सीटवरचा माणूस आसाच्या पुढे बसतो, त्याच्यामुळे पुढची चाकं हलकी होत नाहीत. तुमच्या सायकली ती उचलतात. ताम्हिणीच्या ओल्या वळणावर पुढची २६ किलो पकड गेली तर स्टिअरिंगला कळेल.

आणि खरी अडचण आसावर नाही, बोल्टवर आहे. चौकटीच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टात ३० सेंमी अंतर, भार मागच्या बोल्टाच्या मागे ६० सेंमी, असं धरा. मागच्या बोल्टावर १२९ किलो खाली ओढ, पुढच्यावर ८६ किलो वर रेटा. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात तिप्पट धरलं तर ३८७ किलो. डाव्या-उजव्या बाजूंत वाटले तरी प्रत्येक मागच्या बोल्टापाशी दोनशेच्या आसपास, आणि तेही दर खड्ड्याला पुन्हा पुन्हा. पत्रा एकदम फाटत नाही, भोकाच्या कडेने केसाएवढी चीर सुटते आणि ती अंडरकोटिंगखाली (तळाला मारलेल्या डांबरी थराखाली) दिसतही नाही.

गॅरेजकाका

दोघांचंही गणित बरोबर आहे. तीसेक वर्षं फियाटचं काम केलंय, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

बोल्टांतलं अंतर ३० ऐवजी ६० सेंमी करा. तेवढ्यानेच मागच्या बोल्टावरचे १२९चे ८६ होतात. डिकीच्या आतून नुसता वॉशर लावू नका, हाताच्या पंजाएवढी ५ मिमीची पट्टी द्या, म्हणजे भार पसरेल. बोल्ट पोकळ भागातून जात असेल तर आत नळीचा तुकडा घालाच, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो आणि महिन्याभरात बोल्ट ढिला पडतो. भोकाची कडा रेड ऑक्साइडने (गंज रोखणाऱ्या रंगाने) मारून मग सीलंट.

पाटे बसलेले असतील तर आधी ते कमानदार करून घ्या. पाटे बसलेल्या गाडीला खाली नळी लावली की सोसायटीच्या रॅम्पवर आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला घासणार. सायलेन्सरचं तोंड कुठे येतं तेही बघा. सायकलचं टायर त्याच्या समोर आलं तर घाट चढेपर्यंत रबर मऊ होतं.

आणि या सगळ्याच्या आधी डिकीतला गालिचा उचला, जुनं डांबर खरवडा आणि शॅकलच्या जागेवर पेचकस दाबून बघा. आत गेला तर हिचचा विषय तिथेच बंद.

नियमावली

पत्र्याचं झालं, कायद्याचं कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे म्हटलं. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी गजांवर) कारवाईचे आदेश दिले, ते तर बोल्टनेच बसवलेले असतात. तेव्हा ‘वेल्डिंग नाही’ एवढ्याने आरटीओत सुटका होईल असं धरू नका.

शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. तुमची गाडी २०३६मध्ये तिथे पोचेल. आज पाडलेली भोकं तेव्हा तुम्हालाच आडवी येतील.

डोंगरवाटा

व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मला २०३६ नंतरही ती चालवायची आहे. ज्या नोंदणीने गाडी घरात बसते तिच्यासाठी आज हात आखडून का घेऊ?

कलम ५२बद्दल माझं म्हणणं असं की आरसीवरच्या तपशिलातलं काहीच बदलत नाही. सीट तेवढ्याच, इंजिन तेच, लांबी तीच, कारण रॅक रविवारपुरता लागतो आणि घरी आल्यावर निघतो. बुलबार पादचाऱ्याला इजा करतो, एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो. या दोन्हींना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितोय. इथे मॉरिस मायनरसारख्या जुन्या गाड्यांना टो-बार (ट्रॉली किंवा रॅक अडकवायचे दांडे) लावलेले सर्रास दिसतात, आणि मायनरही एकसंध पत्र्याचीच. १ ऑगस्ट १९९८च्या आधीच्या गाडीला मान्यताप्राप्त बनावटीचाच टो-बार हवा अशी सक्ती नाही. पण सायकलींनी नंबरप्लेट किंवा दिवे झाकले गेले तर मागे दुसरी प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावावीच लागते. पद्मिनीचे मागचे दिवे छोटे आहेत. दोन सायकलींच्या चाकांमागे ते पाठच्या ट्रकला दिसणार नाहीत. हिचला माझा पाठिंबा आहे, दिव्यांच्या पट्टीशिवाय मात्र अजिबात नाही. पहाटेच्या धुक्यात पौड रस्त्यावर तुम्ही निघणार आहात.

ताडदेवकर

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींना इतक्या लवकर विसरलात? ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची रस्त्यावरून गेली, तोवर टपावरच्या कॅरिअरवर लोकांनी ट्रंका, गाद्या, फ्रिज, काय काय नेलं. पद्मिनीच्या टपाला दोन्ही बाजूंना पन्हाळी आहे आणि कॅरिअरचे पाय तिच्यातच बसतात. एकही भोक पाडावं लागत नाही. गाडीची उंची जेमतेम दीड मीटर, सायकल वर ठेवायला स्टूलसुद्धा लागत नाही. ना दिवे झाकणार, ना प्लेट, ना पुढची चाकं हलकी होणार. पद्मिनीला शोभणारं उत्तर हेच आहे.

कार्बोरेटर

शंभर टक्के सहमत. ज्या गाडीबरोबर कॅरिअरची परंपराच आलीय तिला परक्या देशातली नळी कशाला?

डोंगरवाटा

कॅरिअरचा विचार केलाय. चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन, त्यावर टपावर दोन सायकली उभ्या. समोरचा वारा कापताना चौथ्या गिअरात गाडी मरते. आडव्या ठेवल्या तर पेडल टपाला लागतं. आमच्या सोसायटीचं तळघरातलं पार्किंग इतकं बुटकं आहे की उभी सायकल तुळईला धडकेल, म्हणजे बाहेर रस्त्यावर उतरवाचढव. आणि माझी बायको सोबत असते. चौदा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलायची तिच्या खांद्याची तयारी नाही. गुडघ्याच्या उंचीवरचा रॅक दोघांना वापरता येतो. आम्ही दोघंही जाऊ शकलो तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

परंपरेबद्दल म्हणाल तर टॅक्सीवाल्यांनी जो कॅरिअर लावला तो त्यांच्या गरजेपोटी, आणि आज तो आपल्याला पद्मिनीचाच भाग वाटतो.

आता नक्की काय करतोय ते सांगतो. बोल्टांत ६० सेंमी अंतर, आतून ५ मिमीच्या पट्ट्या, पाटे आधी. दिव्यांची पट्टी आणि मागची प्लेट रॅकवर. वेग साठच्या आत. दोनच सायकली, तिसरी कुणी मागितली तरी नाही.

नियमावली

रॅकवर जी प्लेट लावाल ती साधी रंगवलेली चालेल असं समजू नका. आणि नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाला जाताना रॅकच काय, खालची चौकटही काढून न्या.

कार्बोरेटर

माझं मत बदललेलं नाही. दोन सायकलींसाठी पद्मिनीच्या तळाला भोक पाडू नये, टपावर एकच सायकल न्यावी आणि दुसरी पौडला कुणाकडे तरी ठेवावी. तरी तुम्ही करणारच असाल तर काकांनी सांगितलं ते आधी करा. गालिचा उचलून, डांबर खरवडून, दोन्ही शॅकलचे फोटो इथे टाका. ड्रिल त्यानंतर.