रक्त भरपूर, अभिनय कच्चा: दोष बजेटचा की दिग्दर्शकाचा?

गोदाकाठ:
शनिवारी रात्री मित्रमंडळींसोबत घरी बसून कमी खर्चात बनवलेला एक अमेरिकी भयपट पाहिला. नवोदितांचे काम दिसते, म्हणून नाव देत नाही. कथा नेहमीचीच, म्हणजे जंगलातले लाकडी घर आणि त्याखालचे बंद तळघर. करवतीने हात कापला जाण्याचा प्रसंग मात्र इतका बेमालूम जमला आहे की कातडीखालची पिवळसर चरबीसुद्धा दिसते. आणि ज्याचा हात तुटतो आहे तो नट, आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर रिक्षावाल्याने भाडे जास्त सांगावे तसा वैतागून ओरडतो. पुढे त्याची बहीण प्रेत पाहते, क्षणभर थांबते आणि पाठ केलेले वाक्य म्हणून मोकळी होते. आम्ही सगळे हसत सुटलो. ज्यांना जखमा इतक्या हुबेहूब करता येतात, त्यांना नट का निवडता येऊ नयेत? पैसा कमी होता हे कारण मला पटत नाही, कारण आपल्या सायखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभी राहणारी हौशी मंडळी नोकरी सांभाळून याहून कितीतरी सरस काम करतात.

रंगपेटी:
मी हौशी नाटकांची रंगभूषा करतो, त्यामुळे थोडे पडद्यामागचे सांगतो. अशी जखम अंगावर चिकटवून रंगवायला काही तास सहज जातात आणि तोवर नट कंटाळून गेलेला असतो. त्यातच एकदा रक्त उडाले की दुसऱ्या टेकसाठी तसाच कोरा शर्ट हवा, फरशी पुसायला हवी, रक्ताची नळी पुन्हा भरायला हवी. शर्ट दोनच असतील, तर पहिल्या टेकमध्ये रक्त नीट उडाले एवढ्यावरच दिग्दर्शक ‘ओके’ म्हणून टाकतो. नाटकाच्या तालमीत रक्त नसते, म्हणून तोच प्रवेश हवा तितक्या वेळा घोटता येतो. बहिणीच्या दृश्यात मात्र ही सबब चालणार नाही. तिथे तालीमच झालेली नसावी.

पंचवटीकर:
आपण सगळे या प्रकाराकडून भलतीच अपेक्षा करत आहात. रक्तपटांचा आरंभ मानला जाणारा १९६३ चा ‘ब्लड फीस्ट’ घ्या. त्यातला अभिनय अगदी लाकडी आहे, तरी त्याचे नाव आजही निघते. हा प्रेक्षक अभिनय पाहायला येतच नाही.

कॉलेजरोड:
पंचवटीकर, त्याचे नाव निघते ते तो पहिला होता म्हणून. ती सवलत नंतरच्यांना कशी मिळेल? त्याच दशकातला, १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहा. तोही तुटपुंज्या पैशात झाला आणि कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चालून गेले. पण त्यातला नायक ड्वेन जोन्स खिडक्यांवर फळ्या ठोकत असताना त्याच्या चेहऱ्यावरची घाई पाहून बाहेरचे चालते प्रेत खरे वाटू लागते. आपल्याकडच्या ‘लपाछपी’तही (२०१७) उसाच्या फडातल्या त्या घरात पूजा सावंत घाबरते, म्हणून आपण घाबरतो. जखम पाहून किळस येते, भीती मात्र ती जखम पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरून येते. आणि चेहऱ्याला बजेट लागत नाही, तालीम लागते. गोदाकाठ, एक शंका: आपण हिंदी डब पाहिला नाही ना? डबिंगने चांगल्या नटाचीही माती होते.

गोदाकाठ:
नाही, मूळ इंग्रजीतच पाहिला. आपल्या शंकेमुळे काल दोन्ही प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावले. करवतीचा प्रसंग आवाजाविना इतका खरा वाटतो की पाहवत नाही, म्हणजे तिथे घात केला तो ओरडण्याने, आणि ते नंतर स्टुडिओत नीट करून घेता आले असते. बहिणीचे दृश्य आवाजाविनाही तितकेच कोरडे आहे. ती प्रेताकडे पाहतच नाही, कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी इशाऱ्याची वाट पाहते.