इनामगावला शेती होती, पाण्याचा पाट होता, कोठार होते. मग नगर का उभे राहिले नाही?

भीमाकाठचा शिक्षक (सोलापूर) :
नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. शिकारी, पशुपालक, शेतकरी आणि शेवटी नगरवासी अशा पायऱ्या चढत गेलेला माणूस आपण वर्गात मुलांपुढे उभा करतो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, हडप्पाला एवढी मोठी नगरे होती, मग आपल्याकडे त्या काळात एकही का नाही?’’ मी तिला इनामगावचे उदाहरण दिले. ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे आणि घोडेचे पाणी भीमेला मिळून आपल्या उजनीत येते, म्हणजे खोरे एकच. तिथे इ.स.पू. १६०० च्या सुमारास वस्ती झाली, पुढे तटबंदी आली, नदीचे पाणी वळवणारा पाट आला, धान्याचे कोठार आले, आणि तरीही इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव ओस पडले. एवढी तयारी असताना पुढची पायरी का चढली गेली नाही, हे तिला नीट पटेल असे मला सांगता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी पांढर :
सर, आधी काळाचा हिशेब पाहू. हडप्पा संस्कृतीच्या भरभराटीचा काळ इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरतात; म्हणजे इनामगावची पहिली घरे उभी राहिली तेव्हा सिंधूकाठची नगरे मोडून तीनेकशे वर्षे झाली होती. तेव्हा एकाच शर्यतीत एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, असे हे चित्र नाही.

इनामगावच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते १००० या पूर्व जोर्वे काळात (जोर्वे या गावावरून नाव पडलेल्या ताम्रपाषाण संस्कृतीच्या सुरुवातीच्या टप्प्यात), चौकोनी घरे, मध्ये बोळ आणि गावाच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे अशी मांडणी दिसते. एक घर तब्बल पाच खोल्यांचे आहे आणि त्याच्याजवळच कोठार आहे, त्यावरून ते गावप्रमुखाचे असावे असे उत्खननकर्त्यांनी मानले. जोर्वे बनावटीचे खापर हाती घेतले तर तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी दिसते, आणि टिचकी मारली की ते धातूसारखे खणखणीत वाजते; इतके ते चाकावर नीट घडवून कडक भाजलेले असते. कारागिरीत हे लोक कुठेही कमी नव्हते.

पण नगराला कारागिरी पुरत नाही. कधीच नांगर न धरणारी हजारो माणसे पिढ्यानपिढ्या पोसायची तर शिल्लक धान्य दर वर्षी लागते. सिंधूच्या पुराने दर वर्षी नवा गाळ टाकलेली सपाट जमीन कुठे आणि पर्जन्यछायेतली आपली नदीकाठची चिंचोळी पट्टी कुठे! इनामगावचे मुख्य पीक सातू, म्हणजे जव. पाट काढला तरी घोड नदीतच पाणी नसेल तर पाट काय करणार? दुष्काळ म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात आणि शिकार केलेल्या प्राण्यांची हाडे वाढतात. इनामगावच्या उत्खननकर्त्यांपैकी एक, डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध कोरड्या झालेल्या हवामानाशी जोडला. पुस्तके याला ऱ्हास म्हणतात. मला मात्र हा शहाणपणा वाटतो, कारण पाऊस भरवशाचा राहिला नाही तेव्हा या लोकांनी पिकावरचा भार कमी करून गुरे, मेंढ्या आणि रान यांवर जास्त टाकला, आणि त्याच जागी आणखी सुमारे तीनशे वर्षे काढली.

कोरडवाहू :
सगळे पावसावर ढकलू नये. लोखंडाचा फाळ नसल्यामुळे काळी जमीन नांगरता येत नव्हती, हा युक्तिवादही नेहमी केला जातो, पण भीमा खोऱ्यातल्याच वाळकी येथे जनावराच्या हाडापासून केलेले नांगराचे अवजार मिळाले आहे. शिवाय काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची माती भेगांत पडून आपोआप खालीवर होते, हे आपल्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल. माझ्या मते कमतरता होती ती व्यापाराची. इनामगावला तांबे इतके दुर्मीळ की रोजची पाती गारेच्या जातीच्या दगडाचीच होती.

दगडी हत्यार :
पायऱ्यांच्या चित्राबद्दल थोडेसे. मोरोक्कोतील जेबेल इरहूदचे मानवी अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि शेती फार तर अकरा-बारा हजार वर्षांची. म्हणजे आपल्या मानवजातीच्या इतिहासाचा चार टक्क्यांहून अधिक भाग शेतीने व्यापलेला नाही. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे येथे इ.स.पू. ९५०० च्या सुमारास कोरीव दगडी खांब उभारणारे लोक रानातलेच धान्य आणि शिकार खात होते. इस्रायलमधील ऐन मल्लाहा येथे तर शेतीच्या आधीच दगडी पायाची घरे आहेत. क्रम असा उलटासुलटा असताना मुलांना जिना कशाला दाखवायचा?

भीमाकाठचा शिक्षक (सोलापूर) :
सर्वांचे आभार. कोरडवाहू यांचा मुद्दा धरून विचारतो: व्यापार वाढल्यावर तरी आपल्या भागात नगर उभे राहिले का?

जुनी पांढर :
राहिले, आणि जवळच. धाराशिव जिल्ह्यातले तेर, जुने तगर, सातवाहन काळात भरभराटीला आले होते. तोवर लोखंड रुळले होते आणि घाट ओलांडून बंदरांपर्यंत बैलगाड्यांचे मार्ग पडले होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून भडोचला गाड्यांतून कापड जात असल्याची नोंद आहे. सोलापूरच्या मुलांना हे सांगितलेत तर चादरीच्या पेठेतल्या मुलांना ते लगेच कळेल. तेरही कमी पावसाच्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे या बाबतीत कोरडवाहू यांचे म्हणणे मला माझ्या म्हणण्यापेक्षा वजनदार वाटते. वर्ग न्यायचा असेल तर तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आधी दाखवा. इनामगावला आता जमिनीवर पाहण्यासारखे थोडेच आहे.