फायरफ्लायचा डेक-बिल्डिंग गेम सेकंड हँड मिळतोय, घेऊ का? (आमच्या घरात भांडणं नकोत)

मेंढीकोट_पुणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. 'लेजंडरी एन्काउंटर्स: फायरफ्लाय' हा (फायरफ्लाय या अमेरिकन अंतराळ-सिरीयलवरचा) पत्त्यांचा गेम एक जण विकतोय, ओळखीतलाच आहे, पानं चांगली आहेत म्हणतो. आम्ही चौघं खेळणार, मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. मेहुण्याने ती सिरीयल तीनदा बघितलीये, बाकी आम्ही तिघांनी शून्य.

अडचण अशी की आमच्याकडे एकमेकांविरुद्धचे गेम बंद झालेत. गेल्या दिवाळीत व्यापार खेळताना मेहुण्याने स्वतःच्या बायकोकडून भाडं वसूल केलं आणि पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाला चहा विचारला नाही, तेव्हापासून फक्त सगळे मिळून खेळायचं असं ठरलंय. तर (१) हा खरंच सगळे एका बाजूने आहे का, (२) सिरीयल न बघता मजा येते का, (३) डेक-बिल्डिंग म्हणजे नक्की काय, रमी-मेंढीकोट येणाऱ्या माणसाला समजेल अशा भाषेत कोणी सांगेल का?

इस्पिकची_राणी

तिसऱ्यापासून सुरू करते कारण ते समजलं की बाकीचं आपोआप कळेल.

रमीत कॅट एकच, सगळ्यांचा मिळून. इथे प्रत्येकाचा स्वतःचा छोटा कॅट असतो आणि सुरुवातीला तो अगदी दरिद्री असतो. हातातली पानं खेळायची, त्यावर दोन प्रकारचे पॉइंट मिळतात, एक माणसं घ्यायचे आणि एक मारामारीचे. टेबलावर मध्ये पाच पानांची रांग असते, त्यातलं परवडेल ते घ्यायचं. पण घेतलेलं पान लगेच हातात येत नाही, ते तुमच्या टाकलेल्या पानांत जातं, आणि कॅट संपला की सगळं पिसून पुन्हा वाटायचं, तेव्हा कधीतरी ते तुमच्याकडे येणार. म्हणजे आज घेतलेलं पान दोन-तीन फेऱ्यांनी उपयोगाला येतं. पहिल्या अर्ध्या तासात 'अरे हे काय, आपल्याकडे काहीच नाही' असं वाटतं आणि मग हळूहळू हातात बरी बरी पानं यायला लागतात, ती मजा.

आता या गेमबद्दल. २०१६ चा आहे, अप्पर डेक कंपनीचा, एक ते पाच जण. मूळ सिरीयलचे चौदा एपिसोड आहेत आणि गेममध्ये त्या चौदाही एपिसोडची पानं आहेत, एका डावाला त्यातले तीन निवडायचे आणि एकामागून एक पार करायचे. एपिसोडच्या गठ्ठ्यातून नवनवीन संकटं टेबलावर येत राहतात आणि वेळेत नाही आवरलं तर अंगावर येतात. हरलो तर सगळे हरतो, जिंकलो तर सगळे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, शंभर टक्के, भाडं वगैरे कोणी कोणाला मागत नाही.

पण मला हा गेम आवडतो तो एका गोष्टीसाठी, कोऑर्डिनेट. काही पानांवर ती खूण असते, ते पान तुम्ही दुसऱ्याच्या टर्नला त्याच्यासाठी वापरू शकता, आणि बदल्यात तुम्ही तुमच्या कॅटमधून एक नवीन ओढता. एकाच्या टर्नला प्रत्येकाने एकच द्यायचं. वाचायला एवढंसं वाटतं पण त्यामुळे कोणी मोबाईल बघत बसत नाही. मागच्या महिन्यात आमचा शेवटचा एपिसोड चालू होता, माझी टर्न, मला मारायला दोन पॉइंट कमी पडत होते, आणि मी तोंड पाडून 'जाऊ दे, गेलो आपण' म्हणते तोवर माझ्या जावेने, जी रात्रीचे अकरा वाजले म्हणून जांभया देत होती, एक पान टेबलावरून बोटाने सरकवलं आणि म्हणाली, 'हे चालेल का गं?' चालेल का म्हणे! दोनचंच होतं. पोरं झोपली होती म्हणून, नाहीतर ओरडलो असतो सगळे.

सिरीयल न बघताही खेळता येतो. पण पहिल्या डावाला मेहुण्यांनाच एपिसोड निवडू द्या आणि प्रत्येक एपिसोडआधी दोन मिनिटं गोष्ट सांगायला लावा, नाहीतर बाकीच्यांना ते नुसते आकडे वाटतील.

झब्बू_किंग

राणीताई म्हणतायत त्यात चूक काहीच नाही पण एक गोष्ट त्यांनी शिताफीने गाळली. चित्रं!! अहो ताई चित्रांबद्दल बोला की. त्या पानांवरची चित्रं बघून सिरीयलचे फॅन लोक तेव्हाच नेटवर बोंबलत होते आणि त्यांचं बरोबर होतं, ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत. चेहरा बघून नाही, नाव वाचून कळतं की ही सिरीयलमधली झोई आहे. गावच्या जत्रेत तोंड घालून फोटो काढायचे बोर्ड असतात ना, हिरो-हिरॉइनचे, तसलं.

दुसरं, सगळे-एका-बाजूने गेमचा जो जुना रोग आहे तो इथेही आहेच. मेंढीकोट खेळताना मागे उभा राहून 'हुकूम टाक, हुकूम टाक' करणारा एक काका असतो बघा. असल्या गेममध्ये तो काका टेबलावरच बसलेला असतो आणि चौघांची पानं एकटाच खेळतो. तुमचा मेहुणा, ज्याने सिरीयल तीनदा बघितलीये, तो हा काका होणार नाही याची गॅरंटी आहे का?

मी तर म्हणेन मार्व्हलचं लेजंडरी घ्या. तोच बाप आहे या सगळ्यांचा, २०१२ चा, डेव्हिन लोने बनवलेला, आणि आयर्न मॅन कोण हे घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मेंढीकोट_पुणे

झब्बूभाऊ, काकाचं वाचून बायको मागे उभी राहून हसतेय आणि म्हणते 'मेहुणा कशाला, तूच'. असो. मार्व्हलवाला पण सगळे एका बाजूने आहे का?

इस्पिकची_राणी

तिथेच तर गोम आहे! मार्व्हलमध्ये व्हिलनविरुद्ध सगळे मिळून लढता हे खरं, प्रत्येकाकडे सुरुवातीला आठ एजंट आणि चार ट्रूपर अशी बारा पानं, मुख्य व्हिलनला चारदा हरवायचं, त्याचा कट यशस्वी झाला तर सगळे गेले. इथपर्यंत छान. पण जिंकल्यावर प्रत्येकाने पकडलेले गुंड आणि वाचवलेली माणसं मोजायची आणि ज्याचे पॉइंट जास्त तो वैयक्तिक विजेता. म्हणजे जग मिळून वाचवायचं आणि मग 'मी जास्त वाचवलं' यावर भांडायचं. आम्ही पॉइंट मोजतच नाही, पण तुमच्या घरातला दिवाळीचा किस्सा वाचून मी ती रिस्क घेणार नाही, कोणीतरी हळूच मोजेलच.

एन्काउंटर्स नावाची जी शाखा आहे, २०१४ चा एलियन, मग प्रेडेटर, मग हा फायरफ्लाय, त्यातल्या एलियन आणि फायरफ्लायमध्ये पॉइंटचा हा प्रकारच नाही. आणि कोऑर्डिनेट मार्व्हलच्या मूळ डब्यात नव्हतं, ते एलियनपासून आलं.

चित्रांबद्दल मान्य. गप्प बसले होते कारण बोलण्यासारखं काही नाही. पाचव्या डावानंतर दिसेनाशी होतात, आकडेच दिसतात.

काकाबद्दल: आमच्याकडे एक नियम आहे. ज्याची टर्न त्याने विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, मात्र 'माझ्याकडे एक कोऑर्डिनेट आहे' एवढं सांगायला परवानगी. जो मोडेल त्याने चहा करायचा. माझे मिस्टर आता उत्तम चहा करतात.

जर्सीकर

लेट रिप्लाय, इकडे रात्र होती. मी सिरीयलचा फॅन म्हणून बोलतो, गेमचा नाही, गेम मी मित्राकडे फक्त तीनदा खेळलोय.

एपिसोड कुठल्याही क्रमाने निवडता येतात म्हणून काही लोक नाक मुरडतात की गोष्टीचा धागा तुटतो. अरे बाबांनो, त्या सिरीयलच्या नशिबात क्रम होता कधी? २००२ च्या सप्टेंबरमध्ये फॉक्स चॅनलने दाखवायला सुरुवात केली ती 'ट्रेन जॉब'ने, आणि ज्या एपिसोडमध्ये सगळ्यांची ओळख होते तो पहिला दोन तासांचा 'सेरेनिटी' दाखवला डिसेंबरमध्ये, गाशा गुंडाळताना. चौदा बनवले, दाखवले अकरा. उरलेले तीन लोकांनी डीव्हीडीवर बघितले, आणि त्या डीव्हीडी इतक्या खपल्या की २००५ मध्ये सिनेमा आला. म्हणजे गेममध्ये 'ट्रॅश' आणि 'द मेसेज' खेळताना आपण चॅनलने न दाखवलेलेच खेळतोय, मला त्यात उलट मजा वाटते.

एकच सल्ला, पहिल्या डावाला 'जेन्सटाऊन' घ्या आणि त्याआधी तो एपिसोड चौघांनी मिळून बघा. चिखल काढणाऱ्या मजुरांचं गाव, आणि तिथे चौकात आपल्या टोळीतल्या सगळ्यात हावरट माणसाचा पुतळा उभा, लोक त्याची गाणी म्हणतायत, आणि त्याला स्वतःलाच माहीत नाही का ते. आपल्याकडच्या माणसाला ती गोष्ट समजवावी लागत नाही, चौकातले पुतळे आपण पाहिलेत.

भिजलेली_पानं (चिपळूण)

सेकंड हँड घेताय तर एक सांगतो, कोणी सांगणार नाही. पानं घेऊन दहा-बारा पानांचा गठ्ठा सपाट टेबलावर ठेवून बघा, बाजूने डोळा लावून. होडीसारखी वाकली असतील तर भाव पाडा. माझ्या लेजंडरीची पावसाळ्यात अशी वाट लागली की पिसताना पापड हलवल्यासारखा आवाज यायचा. आता पानांना स्लीव्ह (प्लास्टिकची पाकिटं) घातलेत, आणि डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवतो.

आणि शेकड्यांनी पानं आहेत हो, प्रत्येक एपिसोडची वेगळी, प्रत्येक माणसाची वेगळी, खेळून झाल्यावर सगळी परत वेगवेगळी करायची. राणीताईंनी हे पण गाळलं. खेळायला दोन तास आणि आवरायला अर्धा. मी जुन्या लग्नपत्रिका कापून मध्ये घालायला डिव्हायडर केलेत, चांगल्या जाड असतात. एलियनच्या पानांमागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' दिसतं.

झब्बू_किंग

😂😂 श्रीकृपेकरून एलियन. बंद करा धागा, यावर काही येणार नाही.

म्हापशेकर

बंद करू नका, माझं राहिलंय. सिरीयलवरचाच आणि सगळे-एका-बाजूनेच हवा असेल तर जी. आय. जो (अमेरिकन सैनिकांची खेळणी आणि त्यांचं कार्टून) चा डेक-बिल्डिंग पण बघा. रेनेगेड कंपनीचा, २०२१ चा, एक ते चार जण. जवानांचा संघ जमवायचा, गाड्या घ्यायच्या, मिशनवर जायचं, कोब्रा नावाच्या शत्रूटोळीला हाणायचं. फासे टाकायचे असतात त्यामुळे नशिबाचा भाग जास्त, पण त्याच कारणाने काका लोकांचा हिशोब चुकतो, चांगलंच आहे.

मी काही निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो. ती जी. आय. जो ची खेळणी आपल्याकडे फनस्कूल बनवायची आणि त्यांची फॅक्टरी आमच्या गोव्यात कोरलीला. लहानपणी आम्हाला वाटायचं हे सगळे अमेरिकन सैनिक आपल्याच गावचे. मला त्या पेटीतलं स्नेक आइज नावाच्या जवानाचं पान बघून जे वाटलं ते तुमच्या मेहुण्याला फायरफ्लायचं जहाज बघून वाटणार. म्हणून म्हणतो, ज्याची सिरीयल त्याचा गेम. तुमच्या टेबलावर एक तरी माणूस वेडा पाहिजे, तो फायरफ्लायचा आहे, मग फायरफ्लायच घ्या.

मेंढीकोट_पुणे

मंडळी, घेतला. दहा-बारा पानं टेबलावर ठेवून डोळा लावून बघितली, विकणाऱ्याला वाटलं मी काहीतरी मोठा जाणकार आहे, दोनशे रुपये सोडले त्याने. धन्यवाद चिपळूण!

काल रात्री पहिला डाव झाला. आधी 'जेन्सटाऊन' बघितला. नियमाचं पुस्तक वाचण्यातच पाऊण तास गेला, मेहुण्याच्या बायकोने शेवटी ते हिसकावून घेतलं आणि नेटवर कोणाचा तरी खेळतानाचा व्हिडिओ लावला तेव्हा गाडी पुढे सरकली. चित्रांबद्दल झब्बूभाऊ बरोबर आहेत. मेहुणा पान हातात घेऊन म्हणाला 'ही कोण?' आणि नाव वाचून दोन मिनिटं काहीच बोलला नाही.

दुसऱ्या एपिसोडलाच हरलो. पहिल्या तीन-चार टर्न आम्ही कोणी मारामारीची पानं घेतलीच नाहीत, सगळे आपले माणसं जमवत बसलो आणि संकटांची रांग पुढे येत गेली. बायको मात्र कोऑर्डिनेटवर खूश. हातात तसलं पान आलं की ते वेगळं, उलटं करून बाजूला ठेवते आणि कोणाची टर्न असेल त्याच्याकडे भुवया उडवून बघते.

राणीताई, चहाचा नियम लागू केला. काल रात्री तीनदा चहा झाला, तिन्ही वेळा मी केला. शनिवारी परत बसतोय, मारामारीची पानं आधी घ्यावी की अर्धी-अर्धी, हे कोणी सांगेल का?

इस्पिकची_राणी

एकाने फक्त मारामारी, एकाने फक्त कोऑर्डिनेट, उरलेल्या दोघांनी रांगेत जे पडेल ते. चौघांनी एकसारखा कॅट करू नका. आणि चहा करायला उठताना तुमची पानं पालथी ठेवून जा, तुमच्या मागे तेच 'हुकूम टाक' करतील.